अकूस्टिक गिटारवरचा ग्रंज: ‘डेज ऑफ द न्यू’चा पहिला अल्बम कसा ऐकावा

१९९७ साल सरता सरता अमेरिकेतल्या रॉक रेडिओच्या यादीत एक गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि एकूण जवळपास चार महिने तिथे राहिलं. गाण्याचं नाव ‘टच, पील अँड स्टँड’. बँडचं नाव ‘डेज ऑफ द न्यू’. गाणारा पोरगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. आणि ज्या यादीत वर-खाली सगळी विजेवर गर्जणारी गिटार होती, तिथे या गाण्यातली गिटार अकूस्टिक होती. पोकळ लाकडी पेटीची, आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर दिसते तीच.

नव्वदीतला रॉक आजची मुलं नव्याने ऐकतायत. ‘निर्वाणा’चे टी-शर्ट पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. त्या लाटेतल्या मोठ्या बँडची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण हा अल्बम कुणी सुचवला की ऐकणारा गोंधळतो. हे ग्रंज आहे म्हणता, मग गिटार अशी का? अकूस्टिक आहे म्हणता, मग इतकं जड का वाटतं? हा गोंधळ रास्त आहे, आणि तो सोडवता सोडवता रॉक संगीत आतून कसं चालतं हेही कळतं. म्हणून जरा सावकाश, पायापासून सुरुवात करू.

ग्रंज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, सिएटल नावाचं पावसाळी शहर आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या तरुण बँडनी पंक संगीतातला राग आणि हेवी मेटलमधला जडपणा एकत्र केला. त्या मिश्रणाला ग्रंज हे नाव पडलं. ‘निर्वाणा’, ‘पर्ल जॅम’, ‘साउंडगार्डन’ आणि ‘ॲलिस इन चेन्स’ ही त्यातली चार मोठी नावं. सप्टेंबर १९९१मध्ये ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी १९९२मध्ये तो मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकेत पहिला ठरला. गावातल्या क्लबांत घुमणारा आवाज घराघरात पोचला.

ग्रंजची ओळख तीन गोष्टींवरून पटते. गिटारचा आवाज खरखरीत, जाड आणि खालच्या स्वरांत असतो. गाणं एकदम दबकं आणि एकदम मोठं होतं, मधलं काही नाही. आणि गाण्यांचा विषय बहुतेक वेळा माणसाच्या आतलं काहीतरी असतो: एकटेपणा, व्यसन, स्वतःबद्दलची घृणा. आधीच्या दशकातल्या मोठ्या रॉक बँडमधली चमचमती कपड्यांची, पार्ट्यांची दुनिया इथे नव्हती.

एप्रिल १९९४मध्ये ‘निर्वाणा’चा कर्ट कोबेन गेला. एप्रिल १९९७मध्ये ‘साउंडगार्डन’ फुटला. ‘डेज ऑफ द न्यू’चा पहिला अल्बम आला तो त्यानंतर दोनच महिन्यांनी, जूनमध्ये. म्हणजे मूळ लाट ओसरत होती तेव्हा. ग्रंजच्या छायेत वाढलेल्या या पुढच्या पिढीच्या संगीताला पोस्ट-ग्रंज म्हणतात. हा शब्द समीक्षक बहुधा कमी लेखण्यासाठीच वापरतात. त्याकडे पुढे येऊ.

हे लोक आले कुठून?

सिएटलहून नाही. हा बँड केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराच्या परिसरातला, सिएटलपासून तीन हजार किलोमीटरहून दूर. ओहायो नदीच्या काठचं हे शहर. नदीपलीकडे इंडियाना राज्य लागतं. ट्रॅव्हिस मीक्स गाणी लिहायचा, गायचा आणि गिटार वाजवायचा. दुसरी गिटार टॉड व्हाइटनरची, बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, जेसी व्हेस्टची, ड्रम मॅट टॉलचे. सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं.

केंटकीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ब्लूग्रास नावाचं जे अमेरिकी लोकसंगीत आहे, त्याचा जनक मानला जाणारा बिल मन्रो याच राज्यातला. ब्लूग्रासमध्ये बँजो, मँडोलिन, फिडल, अकूस्टिक गिटार अशी तारांची वाद्यं असतात आणि ती विलक्षण वेगाने, ताकदीने वाजवतात. ड्रम सहसा नसतात, त्यामुळे ताल धरून ठेवण्याचं काम गिटार आणि मँडोलिनच्या फटक्यावर येतं. ‘डेज ऑफ द न्यू’ हा ब्लूग्रास बँड नव्हे, आणि त्यांनी तिथूनच काही उचललं असा माझा दावाही नाही. पण अकूस्टिक गिटार म्हणजे हळुवार वाद्य ही समजूत त्या मुलुखात कधीच नव्हती, एवढं ध्यानात ठेवलं की अल्बम ऐकताना अर्धा अचंबा कमी होतो.

निर्माता होता स्कॉट लिट. रॉकमध्ये निर्माता म्हणजे पैसे घालणारा नव्हे. स्टुडिओत बसून कुठलं वाद्य किती पुढे, कुठला आवाज कसा ध्वनिमुद्रित करायचा, कुठला भाग काढून टाकायचा हे बघणारा माणूस. लिटने ‘आर.ई.एम.’ या बँडबरोबर जवळपास दहा वर्षं काम केलं होतं. त्यांचं १९९१चं जगभर गाजलेलं ‘लूझिंग माय रिलिजन’ मँडोलिनवर उभं आहे, तेही त्याच्याच हाताखालून गेलेलं. ‘निर्वाणा’च्या ‘अनप्लग्ड’, म्हणजे मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवर वाजवलेल्या, अल्बमचाही तो सहनिर्माता होता. लाकडी वाद्याला रॉकच्या मधोमध कसं बसवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेफेन कंपनीच्या छत्राखाली त्याने भागीदारांसह ‘आउटपोस्ट’ हे लेबल काढलं होतं, आणि हा अल्बम त्याच लेबलवर निघाला.

विजेची गिटार ‘फाटते’ म्हणजे काय होतं?

इलेक्ट्रिक गिटारची तार थरथरते तेव्हा तिच्याखालच्या चुंबक आणि तारेच्या गुंडाळीत छोटासा विद्युत्प्रवाह तयार होतो. तो ॲम्प्लिफायरमध्ये जातो, मोठा होतो, स्पीकरमधून बाहेर पडतो. ॲम्प्लिफायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की लहरीचे वरचे टोक छाटले जातात आणि आवाज फाटतो. गणपतीच्या मांडवात भोंग्याचा आवाज गरजेपेक्षा वाढवला की जे होतं तेच. फरक इतकाच की मांडवात तो बिघाड असतो आणि रॉकमध्ये तो मुद्दाम, मोठ्या कौशल्याने घडवतात. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात.

डिस्टॉर्शनमुळे दोन गोष्टी होतात. मूळ स्वरात भरपूर वरचे उपस्वर मिसळतात, म्हणून आवाज जाड आणि दाणेदार होतो. आणि हळू-मोठ्यातला फरक दाबला जातो, त्यामुळे तार एकदा छेडली की आवाज बराच वेळ तसाच टिकतो. भिंतीसारखा सलग. ग्रंजचा तो सुप्रसिद्ध जडपणा मुख्यतः इथून येतो.

अकूस्टिक गिटारमध्ये यातलं काही नाही. तारेची थरथर घोडीतून वरच्या लाकडी पाटावर जाते, पाट हलतो, पेटीतली हवा हलते, झालं. छेडल्या क्षणी आवाज सर्वांत मोठा आणि लगेच उतरायला लागतो. भिंत उभी राहत नाही. दोन फटक्यांच्या मध्ये मोकळी जागा उरते.

बहुतेक बँड या मोकळ्या जागेला घाबरतात. ‘डेज ऑफ द न्यू’ने तिचाच उपयोग करून घेतला.

मग जडपणा आला कुठून?

सगळ्यांत आधी, सुरावटीतून. साध्या गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ‘ई’ स्वरात लावतात. तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२. ग्रंजच्या काळात अनेक गिटारवादक ही तार एक पूर्ण स्वर उतरवून ‘डी’वर आणायचे, म्हणजे सुमारे ७३वर. याला ड्रॉप डी म्हणतात. आकड्यात फरक नऊचा, पण ऐकायला जमीन थोडी खाली सरकल्यासारखी वाटते. तार सैल होते, जरा फडफडते, आवाजाला खालून बूड मिळतं.

आपल्या संगीताचा कान असलेल्याला हे चटकन कळेल. ड्रॉप डीमध्ये खालच्या तीन तारा होतात डी, ए, डी. म्हणजे सा, प, वरचा सा. तंबोऱ्यावर पंचमाची तार, जोडीच्या तारा आणि खर्ज मिळून जे करतात, ते इथे तीन मोकळ्या तारांनी आपोआप मिळतं. त्यात गंधार नाही. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंगती ‘आनंदी’ की ‘उदास’ हे बहुतांशी गंधार ठरवतो: शुद्ध गंधार लागला तर मेजर, कोमल लागला तर मायनर. सा आणि प एवढंच वाजवलं तर प्रश्न उघडा राहतो. रॉकमध्ये याला पॉवर कॉर्ड म्हणतात. मनाची स्थिती ठरलेली नाही, गायकाचा आवाज येऊन ती ठरवेल, अशी ही जागा. ग्रंजला ती फार मानवली.

घरात अकूस्टिक गिटार असेल तर हे दोन मिनिटांत हाताने करून बघता येतं. चौथी तार छेडा, ती वाजत असतानाच सहावी छेडा आणि सहावीची खुंटी हळूहळू सैल करत न्या. दोन्ही स्वर जवळ येऊ लागले की आवाज हेलकावे खातो, वॉव-वॉव-वॉव असा. आणखी थोडं सैल केलं की हेलकावे लांबतात आणि मग थांबतात. तिथे थांबा. आता सहावी तार चौथीच्या बरोबर एक सप्तक खाली आहे. खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं दाबा आणि फटका मारा, तेच बोट दोन-तीन घरं वर-खाली सरकवा. पेटी पोटाला लावलेली असते, त्यामुळे तो स्वर कानाआधी पोटात जाणवतो. बोट एकच असल्याने हात झरझर सरकतो, म्हणून अशा सुरावटीत लहान, चिवट, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे सहज सुचतात. त्या तुकड्यांना रिफ म्हणतात. या अल्बममधली बहुतेक गाणी अशा खालच्या तारांभोवती फिरणाऱ्या रिफवर उभी आहेत.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. मीक्सचा उजवा हात जवळजवळ ड्रम वाजवतो. तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवून छेडलं की स्वर लगेच दबतो आणि उरतो तो ठक् असा ठोका. तळवा उचलला की तार मोकळी वाजते. दबलेले आणि मोकळे फटके आलटून-पालटून मारले की एकाच गिटारमधून स्वर आणि ताल दोन्ही निघतात. डिस्टॉर्शनच्या भिंतीत हे बारकावे बुजून जातात. इथे प्रत्येक फटक्याची धार ऐकू येते, तारांवरून सरकणाऱ्या बोटांची कुरकुरसुद्धा. ‘टच, पील अँड स्टँड’मध्ये पहिला अर्धा मिनिट फक्त या उजव्या हाताकडे लक्ष देऊन ऐका. गाण्याचा सगळा ताण तिथेच भरलेला आहे.

तिसरी गोष्ट ड्रम. इथे पुस्तकी ‘अनप्लग्ड’सारखे हळूच ब्रशने वाजवलेले ड्रम नाहीत. मॅट टॉल पूर्ण ताकदीने रॉक वाजवतो. अकूस्टिक गिटार फटक्यांच्या मध्ये जी जागा सोडते ती ड्रम भरून काढतात, आणि बेस खालून दोघांना बांधून ठेवतो.

आणि मग आवाज. मीक्सचा आवाज खर्जातला आहे, घशाच्या खोलातून येणारा, किंचित ओढलेला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा हा आवाज आहे हे पहिल्यांदा कळल्यावर विश्वास बसत नाही. तो ओरडत नाही, किंवा फार क्वचित. स्वर लांबवतो, एका अक्षरावर रेंगाळतो, शब्द दातांत धरल्यासारखा सोडतो. खालच्या गिटारवर खालचाच आवाज ठेवल्यामुळे सगळं गाणं एका अंधाऱ्या मजल्यावर घडतं, आणि त्यामुळेच तो कधी वर चढला की अंगावर काटा येतो.

‘अनप्लग्ड’ तर आधीच झालं होतं, यात नवं काय?

हा प्रश्न बरोबर आहे. एमटीव्हीचा अनप्लग्ड कार्यक्रम १९८९पासून सुरू होता. ‘निर्वाणा’ने नोव्हेंबर १९९३मध्ये न्यूयॉर्कला त्याचं चित्रीकरण केलं आणि तो अल्बम पुढच्या वर्षी, कोबेनच्या मृत्यूनंतर आला. ‘ॲलिस इन चेन्स’ने जानेवारी १९९४मध्ये ‘जार ऑफ फ्लाइज’ हा सात गाण्यांचा, बराचसा अकूस्टिक छोटा अल्बम काढला. अशा छोट्या अल्बमला ईपी म्हणतात, आणि प्रकाशित होताच अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलेला हा पहिला ईपी.

पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. अनप्लग्ड म्हणजे विजेवर घडलेली गाणी एका संध्याकाळपुरती विजेशिवाय मांडणं. गाणं मुळात मोठं असतं, ते लहान करून दाखवतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मूळ रूप चालूच असतं. कोबेनने तर त्या कार्यक्रमात आपली अकूस्टिक गिटारसुद्धा ॲम्प्लिफायर आणि इफेक्टमधून नेली होती. ‘जार ऑफ फ्लाइज’ हा एका जड बँडने घेतलेला श्वास होता, सुरेख, पण मुख्य रस्त्याला फुटलेली वाट.

‘डेज ऑफ द न्यू’ची गाणी अकूस्टिक गिटारवरच जन्मली आणि तिथेच मोठी झाली. त्यांचं कुठलं मूळ ‘जोरदार’ रूप नाही, हेच त्यांचं जोरदार रूप. मला या अल्बमचं मोठेपण इथे वाटतं. त्याने अकूस्टिक गिटारला विश्रांतीचं वाद्य मानलं नाही. तिच्याकडून तेच काम मागितलं जे बाकीचे बँड विजेकडून मागत होते, आणि ती कमी पडली नाही.

व्यासपीठावर हे सोपं नसतं. अकूस्टिक गिटारची पेटी मोठ्या स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरू लागते, ती थरथर पुन्हा स्पीकरमध्ये जाते आणि कान फाडणारी शिट्टी सुरू होते. म्हणून मोठ्या मंचावर अनेक वादक पेटीचं भोक रबरी झाकणाने बंद करतात. १९९८मध्ये हा बँड ‘मेटालिका’च्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होता. लोक आले होते ‘मेटालिका’चा गडगडाट ऐकायला, आणि आधी समोर उभी राहिली लाकडी गिटार घेतलेली ही पोरं. तिथे टिकायला हिंमत लागते.

हे ‘ॲलिस इन चेन्स’ची नक्कल नव्हे का?

या अल्बमवरचा सगळ्यात जुना आक्षेप हाच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मीक्सच्या आवाजाची ओढ, सुरांची उदास वळणं, एकावर एक रचलेले गायनाचे थर ऐकले की ‘ॲलिस इन चेन्स’चा लेन स्टेली आठवतोच. ज्याने तो बँड पोटभर ऐकलाय त्याला पहिल्या पाच मिनिटांत साम्य दिसेल.

पण प्रभाव आणि नक्कल यात फरक करायला हवा. आपल्याकडे गवयाच्या गळ्यात गुरूची ढब दिसली की आपण ती घराण्याची खूण मानतो आणि मग बघतो की याने त्यात स्वतःचं काय घातलं. तीच कसोटी इथे लावावी. ‘ॲलिस इन चेन्स’चं संगीत जेरी कँट्रेलच्या इलेक्ट्रिक गिटारच्या संथ, दाट, वितळत्या आवाजावर उभं आहे. ‘डेज ऑफ द न्यू’चं संगीत चपळ आणि ठोक्यांचं आहे, त्यात हवा आहे. ‘द डाउन टाउन’ ऐका. त्यातला गिटारचा धावता फटका दाट डिस्टॉर्शनमध्ये टिकलाच नसता. आणि ‘मेटालिका’च्या ज्या दौऱ्याचा उल्लेख वर केला, त्यात आधी वाजवणाऱ्यांमध्ये स्वतः जेरी कँट्रेलही होता. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर ऐकायला मिळाले त्यांना हा फरक कानाने कळला असेल.

पोस्ट-ग्रंज म्हणजे बाजारू माल, हा दुसरा शिक्का. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांना ग्रंजसारखं वाजणारं पण जरा गुळगुळीत काहीतरी हवं होतं, हे खरं. त्या मागणीतून पुष्कळ सपाट संगीत निघालंही. पण सुरक्षित खेळायचं असतं तर कुठल्याही कंपनीने नव्या बँडच्या हातात सगळ्यात आधी इलेक्ट्रिक गिटार दिली असती.

इतक्या लहान मुलाला दुःखातलं काय कळतं?

हा प्रश्न वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. सतराव्या वर्षी मीक्सला जगाचा अनुभव नव्हता, बरोबर. त्याची गाणी जगाबद्दल नाहीतच. ती खोलीतल्या माणसाबद्दल आहेत. दुसऱ्याच्या नजरेखाली घुसमटणारा, आपण कोण आहोत हे न कळणारा, कुणाला तरी धरून ठेवू पाहणारा असा तो माणूस. ‘सॉलिट्यूड’, ‘फ्रीक’, ‘व्हॉट्स लेफ्ट फॉर मी?’, ‘क्लिंग’ ही नुसती शीर्षकं वाचली तरी मनाची दिशा कळते. हे त्या वयाचंच दुःख आहे आणि ते त्या वयातच इतकं कच्चं असतं. पन्नाशीतला माणूस याच भावनेवर अधिक चांगली कविता लिहील, पण तिला हा ताप नसेल.

शब्दांबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. ते अनेकदा धूसर आहेत. वाक्यं तुटक येतात, संदर्भ लागत नाही, काही ठिकाणी शब्द फक्त नादासाठी बसवलेत असं वाटतं. इंग्रजी नीट समजणाऱ्यालाही अर्थ हाताला लागेलच असं नाही. म्हणून हा अल्बम गीतं वाचत ऐकू नये. आलापात आपण शब्द शोधत नाही, स्वराचा भाव पकडतो, तसा मीक्सचा आवाज ऐकावा.

अल्बममध्ये कमी काय आहे?

लांबी. बारा गाणी आणि तासाभराच्या आसपासचा वेळ. एकच रंग, एकच अंधार, खालचा आवाज, खालची गिटार. पहिल्या पाच गाण्यांवर अल्बमचा जीव आहे: ‘शेल्फ इन द रूम’, ‘टच, पील अँड स्टँड’, ‘फेस ऑफ द अर्थ’, ‘सॉलिट्यूड’, ‘द डाउन टाउन’. त्यांच्या मागे काही गाणी एकमेकांत मिसळून जातात आणि आठव्या-नवव्या गाण्यापाशी लक्ष सुटतं. सीडीच्या काळात डिस्क भरून गाणी देण्याची सवयच लागली होती, त्याचा हा परिणाम. दोन-तीन गाणी गाळली असती तर हाच अल्बम अधिक धारदार झाला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शेवटचं ‘क्लिंग’ मात्र गाळू नये. ते संथ आहे आणि इतक्या ताणानंतर हवं असतं.

इतका चांगला होता तर विसरला का गेला?

विकला गेला नाही म्हणून नव्हे. अमेरिकेत या अल्बमला प्लॅटिनम मिळालं, म्हणजे दहा लाखांवर प्रती गेल्या. ‘शेल्फ इन द रूम’ आणि ‘द डाउन टाउन’ही रेडिओवर चालली.

पण बँडच टिकला नाही. पहिल्या अल्बमच्या दौऱ्यानंतर मीक्स आणि बाकीचे तिघे वेगळे झाले. मीक्सने नाव स्वतःकडे ठेवलं आणि व्हाइटनर, व्हेस्ट, टॉल यांनी नव्या गायकाबरोबर ‘टँट्रिक’ नावाचा बँड उभा केला. त्याचा पहिला अल्बम २००१मध्ये आला. म्हणजे ज्या चौघांच्या एकत्र वाजवण्यातून हा आवाज तयार झाला ते चौघे मिळून स्टुडिओत एकच पूर्ण अल्बम करून पांगले. त्यातच १९९९च्या सुरुवातीला गेफेन मोठ्या पुनर्रचनेत दुसऱ्या लेबलमध्ये विलीन झालं. नव्या बँडच्या मागे चिकाटीने उभं राहणारी माणसं अशा उलथापालथीत पांगतात. पुढे मीक्सचा अमली पदार्थांच्या व्यसनाशी झगडा चालला. तो त्याने दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमातही उघडपणे मांडला. मॅट टॉल २०१८मध्ये गेला.

आणखी एक साधं, व्यवहारी कारण आहे. बँडच्या पहिल्या तिन्ही अल्बमना वेगळं नावच नाही, तिन्ही नुसते ‘डेज ऑफ द न्यू’. चाहते ते मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखतात: पहिला पिवळा, १९९९चा हिरवा, २००१चा लाल. आज गाण्यांच्या ॲपवर शोधायला गेलं की नवखा माणूस हमखास चुकीच्या अल्बमवर पोचतो. पिवळ्या-केशरी पार्श्वभूमीवरचं झाड दिसलं तर समजा बरोबर जागी आलात.

ऐकायचा कसा?

पहिल्यांदा हेडफोन लावून, फोनच्या छोट्या स्पीकरवर नको. फोनचा स्पीकर खालचे स्वर देतच नाही, आणि या संगीतात खालचे स्वर गेले की उरतं ते नुसतं खडखडणं. आधी ‘टच, पील अँड स्टँड’ दोनदा ऐका, एकदा उजव्या हातासाठी आणि एकदा आवाजासाठी. मग ‘शेल्फ इन द रूम’. त्यात गाणं दबक्या जागेतून मोठं कसं होतं ते बघा: वीज न वाढवता, फक्त हाताचा जोर, ड्रमचा भरणा आणि गळा यांच्या बळावर. मग ‘द डाउन टाउन’. ही तीन आवडली तर सुरुवातीपासून अख्खा अल्बम लावा. नाही आवडली तर पुढे जाऊ नका, बाकीची गाणी मत बदलणार नाहीत.

त्यानंतर ‘जार ऑफ फ्लाइज’ ऐकावा म्हणजे वारसा कळेल. आणि मग १९९९चा हिरवा अल्बम. त्यात मीक्सने तंतुवाद्यांचा ताफा आणला, रचना लांबवल्या, आवाजात नवे रंग भरले. त्यातल्या पार्श्वगायनात एक तरुण मुलगी आहे, तीही लुईव्हिललाच वाढलेली. पुढे ‘पुसीकॅट डॉल्स’ या पॉप गटामुळे जगभर नाव झालेली निकोल शेर्झिंगर ती हीच. हिरवा अल्बम अधिक महत्त्वाकांक्षी आहे आणि काही चाहते त्यालाच वरचढ मानतात. मी पिवळ्याच्या बाजूने आहे. हिरव्यात गिटारभोवती पुष्कळ काही उभं आहे. पिवळ्यात ती स्वतःच उभी आहे.